हॅलोविनचा भोपळा कोरण्याची स्वस्त हत्यारे

कामाचे स्वरूप

अमेरिकेत हॅलोविनला, म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी, घराच्या पायरीवर कोरीव भोपळा ठेवून त्यात दिवा लावतात. त्याला ‘जॅक-ओ-लँटर्न’ म्हणतात. वर्षातून एकदा, एखाद-दोन फळांपुरते करायचे हे काम. त्यासाठी लागणारी हत्यारे स्वस्त असावीत, ही अपेक्षा रास्तच आहे. परंतु स्वस्तात भागवायचे म्हणजे स्वयंपाकघरातला हाताला लागेल तो चाकू घ्यायचा, असा अर्थ बहुतेक घरांत होतो आणि तिथेच गफलत होते. भोपळा कोरणे हे एक काम नव्हे. फळ उघडणे, आतला भाग खरवडणे, नक्षी सालीवर उतरवणे, ती आरपार कापणे आणि हवी तिथे नुसती साल काढणे, अशी ती चार-पाच कामे आहेत आणि प्रत्येक कामात फळाचा वेगळा थर आडवा येतो. कोणत्या थरावर काय करायचे हे उमगले की हत्यार आपोआप ठरते. किमतीचा विचार त्यानंतरचा.

सलगमाकडून भोपळ्याकडे

या प्रथेचे मूळ आयर्लंड व स्कॉटलंडमध्ये आहे आणि तिथे दिवा भोपळ्याचा नसे, सलगमाचा असे. आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाचा ग्रामजीवनविषयक विभाग मेयो कौंटीत आहे. डोनेगल कौंटीतील फिनटाउन इथल्या अशा एका कोरीव सलगमाचा प्लास्टरमधला नमुना तिथे पाहायला मिळतो. त्याचा चेहरा आजच्या हसऱ्या भोपळ्यांपेक्षा कितीतरी भेसूर आहे. सलगम आतून भरीव आणि कडक असतो. चाकूच्या टोकाने आणि चमच्याने तो थोडाथोडा पोखरावा लागे. एकोणिसाव्या शतकात आयरिश स्थलांतरित मोठ्या संख्येने अमेरिकेत गेले, तेव्हा तिथल्या मातीतलाच भोपळा त्यांच्या हाती आला. तो आकाराने मोठा, मऊ आणि मुळातच पोकळ. पोखरण्याचे निम्मे काम निसर्गाने करून ठेवलेले असल्याने हत्याराची गरजच बदलली. खोदण्याच्या जागी कापणे आले आणि नक्षीला पसरायला पुष्कळ जागा मिळाली.

फळाची रचना

कोरण्यासाठी पिकवले जाणारे भोपळे प्रामुख्याने ‘कुकुर्बिटा पेपो’ या जातीचे असतात. मॅसॅच्युसेट्समधील शेतकरी जॉन हाउडन यांनी ‘कनेक्टिकट फील्ड’ या जुन्या वाणातून निवड करत तयार केलेला ‘हाउडन’ हा वाण या कामासाठी प्रमाण मानला जातो. त्याचा देठ जाड असतो, साल ठळक नारिंगी असते आणि आकार बहुधा प्रमाणबद्ध असतो. महाराष्ट्रात भाजीला येणारा लाल भोपळा सहसा ‘कुकुर्बिटा मोश्चाटा’ या वेगळ्या जातीचा असतो. त्याचा गर घट्ट, गोड आणि जाड. खायला उत्तम, पण कोरायला हट्टी.

कोरायच्या भोपळ्याची भिंत बाहेरून आत पाहत गेल्यास तीन थरांची दिसते. सर्वांत बाहेर पातळ पण टणक साल. तिच्याआड काही सेंटिमीटर जाडीचा पाणीदार गर. फळाच्या वजनात सुमारे नव्वद टक्के पाणीच असते. आणि सर्वांत आत, बियांना धरून ठेवणारे ओलसर, चिवट धाग्यांचे जाळे. तिन्ही थरांची प्रकृती भिन्न आहे. साल छेदावी लागते, गर कापावा लागतो आणि धागे मात्र कापत बसण्यात अर्थ नसतो. ते मुळापासून खरवडून उपटावे लागतात.

फळाची निवड हत्यारांशी बांधलेली असते, ही गोष्ट दुर्लक्षित राहते. सारख्या आकाराच्या दोन भोपळ्यांपैकी हाताला हलका लागणारा पातळ भिंतीचा असतो आणि स्वस्त, नाजूक करवतीला तो झेपतो. जड फळ जाड भिंतीचे. त्यात खोल शिल्पकाम करता येते, पण त्यासाठी हत्यारेही त्या ताकदीची लागतात. मिशिगनमध्ये चित्रकला शिकवणारे आणि पुढे भोपळ्यांच्या शिल्पांसाठी प्रसिद्ध झालेले रे विलाफेन जड फळेच निवडतात, कारण त्यांना दिव्यापेक्षा गरातून साकारणारा चेहरा महत्त्वाचा असतो. घरच्या पायरीवरच्या दिव्यासाठी त्यांचे अनुकरण करण्याचे कारण नाही. बूड सपाट, देठ पक्का आणि अंगठ्याने दाबल्यावर कुठेही न दबणारे हलके फळ पुरते.

चाकू का अडतो

चाकूचे पाते म्हणजे पाचर. ते पदार्थ दोन्ही बाजूंना ढकलत आत शिरते. भाकरी किंवा टोमॅटो बाजूला सरकतो. भोपळ्याची गोल भिंत मात्र सरकू शकत नाही. चिरेच्या दोन्ही कडा पात्याला आवळून धरतात, घर्षण वाढते आणि पाते रुतून बसते. मग जोर लावला जातो. जोराखाली साल एकदम फाटते आणि रुतलेला चाकू अचानक सुटतो. अपघात याच क्षणी घडतो, आणि तो दोन प्रकारांनी घडतो. गराच्या रसाने ओली झालेली मूठ हातातून निसटते आणि बोटे पात्यावर घसरतात, हा पहिला प्रकार. दुसऱ्यात चाकूचे टोक भिंतीपार जाते आणि पलीकडून फळ धरून ठेवलेल्या तळव्यात घुसते. बोटे मिटवणारे स्नायुबंध तळव्याच्या बाजूने जात असल्यामुळे वरवर लहान दिसणारी जखम बोट निकामी करू शकते. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या आकडेवारीत हॅलोविनशी निगडित दुखापतींचा मोठा वाटा भोपळा कोरण्याचा असतो.

न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज इथल्या वैद्यकीय विद्यापीठातील संशोधकांनी २००४ साली या प्रश्नाचा प्रयोगाने छडा लावला. घरगुती चाकू आणि भोपळ्यासाठी खास बनवलेली हत्यारे घेऊन ती मृतदेहांच्या हातांवर यंत्राने दाबण्यात आली आणि इजा व्हायला किती बल लागते ते मोजण्यात आले. खास हत्यारे तुलनेने सुरक्षित ठरली. थोडक्यात, दुकानात दोन-तीन डॉलरला मिळणारी खेळण्यासारखी करवत ही महागड्या सुरीचे गरीब भावंड नाही. धार कमी असणे हाच तिच्यातला गुण आहे.

छोटी करवत

प्लॅस्टिकची मूठ, बोटाएवढे लांब आणि पेन्सिलीपेक्षाही अरुंद असे पोलादी पाते, त्यावर बारीक दाते, एवढाच या हत्याराचा पसारा. करवत पाचरीसारखी ढकलत नाही. ती दात्यांनी पदार्थाचा भुसा करून बाहेर काढते आणि स्वतःसाठी मार्ग तयार करते. त्या मार्गात पाते मोकळे राहते, रुतत नाही, त्यामुळे जोर लावावा लागत नाही. जोर नाही म्हणजे अचानक सुटणेही नाही. दुसरा लाभ अरुंदपणाचा. पाते जितके अरुंद तितके ते तीव्र वळण घेऊ शकते. भुवईची कमान, मांजराचे कान, वटवाघळाचे पंख, असे आकार स्वयंपाकघरातील रुंद चाकूने निघतच नाहीत.

हे हत्यार घरोघरी पोहोचले ते विस्कॉन्सिनमधील रसीन गावच्या पॉल बार्डीन यांच्या खटाटोपातून. मुलांसाठी भोपळे कोरताना चाकूला पर्याय म्हणून त्यांनी लहान करवती स्वतः घडवल्या आणि त्यांच्यासोबत नक्षीचे कागदही तयार केले. त्यांच्या पश्चात मुलांनी १९८६ साली डेन्व्हरमध्ये ‘पम्पकिन मास्टर्स’ ही कंपनी काढली. करवत आणि नक्षीचा कागद एकाच पाकिटात विकण्याची कल्पना त्यांची. त्रिकोणी डोळे आणि तीन दात यांच्यापुढे सामान्य घरांतले कोरीवकाम गेले ते या जोडीमुळे.

करवत चालवण्याची रीत मात्र थोडी समजून घ्यावी लागते. पाते सालीला काटकोनात धरून, लहान लहान फेऱ्यांनी, आत-बाहेर चालवतात. खरी कसोटी कोपऱ्यावर लागते. त्रिकोणी डोळ्याच्या टोकाशी पोहोचल्यावर पाते जागच्या जागी पिरगाळले, तर ते वाकते आणि मुठीच्या तोंडाशी तुटते. कोपऱ्यापर्यंत जाऊन पाते पूर्ण बाहेर काढणे आणि दुसऱ्या बाजूने नव्याने टोचून त्याच बिंदूपर्यंत येणे, हा योग्य मार्ग. असे केल्यास कापलेला तुकडा बोटाने हलके दाबताच आत पडतो आणि कोपरा तीक्ष्ण राहतो. क्रमालाही महत्त्व आहे: मधले बारीक आकार आधी, मोठी तोंडे आणि कडेचे भाग शेवटी. मोठा तुकडा आधी निघाला की आजूबाजूची भिंत कमकुवत होते आणि उरलेले कापताना लचकते.

पाकिटातली करवत पारखताना

स्वस्त करवतींमध्येही डावे-उजवे असते. पाहायच्या गोष्टी दोन. पाते मुठीत किती खोल गेले आहे ही पहिली; टोकाशी नुसते चिकटवलेले पाते पहिल्याच जाड सालीत डुलू लागते. दुसरी गोष्ट म्हणजे दाते. ते खरोखर कापलेले, टोकदार हवेत. पत्र्याला नागमोडी कडा देऊन ‘दाते’ म्हणून खपवलेली पाती गर चेचतात. पाकिटात सोबत येणारा प्लॅस्टिकचा चमचा बहुधा निरुपयोगी असतो आणि टोच्याचे काम साध्या टाचणीने होते. म्हणून आठ-दहा वस्तूंच्या चकचकीत संचापेक्षा दोन-तीन नुसत्या करवती घेणे शहाणपणाचे. एक तुटणार हे गृहीतच धरावे.

झाकणासाठी मोठी करवत

देठाभोवतीचा गर सर्वांत जाड असतो आणि छोटी करवत तिथे हमखास हार मानते. त्या कामाला जिप्समचे तक्ते कापण्याची करवत उत्कृष्ट. अमेरिकेत घरांच्या आतल्या भिंती याच तक्त्यांच्या असल्याने ही करवत कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात पाच-दहा डॉलरला मिळते, आणि अनेकांच्या गॅरेजमध्ये ती आधीच असते. सुमारे सहा इंचांचे ताठ पाते, भरड दाते आणि तक्त्यात थेट घुसवता यावे म्हणून अणकुचीदार केलेले टोक. तिन्ही गुण भोपळ्याला जसेच्या तसे लागू पडतात. वळणदार नक्षी तिच्याने होत नाही आणि ती मुलांच्या हाती देण्याजोगी नाही.

झाकण कापताना पाते मध्याकडे तिरपे धरतात, म्हणजे झाकण शंकूच्या आकाराचे होऊन काठावर टेकते. सरळ कापलेले झाकण आत पडते. एका जागी छोटी खाच ठेवली की झाकण नेमके कसे बसते हे नंतर शोधावे लागत नाही. अनेक जाणते कारागीर झाकण करतच नाहीत. बुडाला भोक पाडतात. देठाकडून मिळणारा कणखरपणा त्यामुळे शाबूत राहतो आणि भोपळा दिव्यावर नुसता ठेवता येतो.

खरवडणे: खर्च करण्याजोगी एकमेव जागा

कोरीवकामाचा बराच वेळ खरवडण्यात जातो, तरी सर्वांत निकृष्ट हत्यार याच कामाला वापरले जाते. इथे हवी ती पातळ कड आणि न वाकणारी दांडी. जेवणाचा चमचा मानेशी वाकतो. आइस्क्रीमचा भक्कम धातूचा डाव त्याहून बरा. लोणची-मुरंब्यांच्या काचेच्या बरण्यांना अमेरिकेत जे धातूचे फिरकीचे कडे येते, ते तळहातात धरून आतून फिरवले तर गर छान निघतो. त्याला वेगळे पैसे पडत नाहीत. मराठी घरांतली नारळाची हातखवणीही याच तत्त्वावर चालते. तिची गोल, दातेरी कड भोपळ्याच्या आतल्या गोलाईला जुळते आणि धागे दात्यांत अडकून निघतात. विळीला जोडलेली खवणी मात्र इथे कुचकामी, कारण तिथे पदार्थ हलवायचा असतो आणि हत्यार स्थिर असते.

सर्वांत सरस साधन कुंभारकामाचे: लाकडी मुठीच्या टोकाला पोलादी पट्टीचा वळसा. चित्रकलेच्या साहित्याच्या दुकानात अशा तीन-चार वळशांचा संच साधारण पाच ते दहा डॉलरला मिळतो. वळसा गरावर ठेवून स्वतःकडे ओढला की एकसारख्या जाडीची, ओली, नारिंगी पट्टी वळशातून गुंडाळत बाहेर येते आणि आतली भिंत गुळगुळीत होते. किती खोल गेलो हे हाताला कळत राहते. ज्या बाजूवर नक्षी येणार ती भिंत सुमारे एक इंचापर्यंत पातळ करावी लागते. याचा फायदा पुढच्या पायरीला होतो: भिंत नीट पातळ झाली असेल तर सर्वांत स्वस्त करवतही तग धरते, आणि ती जाड राहिली असेल तर महाग करवतही तुटते. म्हणून पैसे खर्चायचेच असतील तर ते कापण्याच्या हत्यारावर नव्हे, खरवडण्याच्या हत्यारावर खर्चावेत.

नक्षी उतरवणे

कागद सालीवर चिकटवून रेषेवर टाचणीने जवळजवळ टोचत जाणे, ही सर्वमान्य पद्धत. शिवणकामातले दातेरी चाक हेच काम वेगाने करते. छिद्रांवर थोडे पीठ चोळले की ती स्पष्ट दिसतात. सपाट कागद गोल फळावर सुरकुततो, म्हणून कडेला कात्रीने चिरा द्याव्या लागतात. ज्याचा हात चित्राला बसला आहे त्याला पुसता येणाऱ्या शाईचे पेन पुरते.

सालीखालचा उजेड

आरपार कापलेल्या भोपळ्यात दोनच छटा असतात: भोकातला प्रखर उजेड आणि सालीचा काळोख. साल काढून गर तसाच ठेवला तर उजेड गरातून झिरपतो आणि तिसरी, मंद केशरी छटा मिळते. गर जितका पातळ तितकी ती उजळ. म्हणजे खोली कमी-जास्त करून एकाच फळावर छायाप्रकाशाचे चित्र काढता येते. हत्यार निवडणे हे इथे छटा निवडण्यासारखेच आहे.

या कामासाठी लिनोकट, म्हणजे लिनोलियम कोरून करायच्या छपाईची हत्यारे नेमकी बसतात. एका मुठीत बदलता येणारी इंग्रजी ‘व्ही’ आणि ‘यू’च्या आकाराची टोके असतात, पहिले बारीक रेषा काढते, दुसरे पट्टी. लिनोलियमपेक्षा भोपळ्याची साल ओली आणि निसरडी असल्याने टोक सटकते, म्हणून ते नेहमी दुसऱ्या हातापासून दूर ढकलायचे असते. मोठा भाग सोलायला बटाट्याचे सोलाणे किंवा लिंबाची साल किसण्याची छोटी किसणी चालते. मर्यादा अशी, की आतला दिवा पुरेसा तेज नसेल तर ही सगळी मेहनत अंधारात विरते, आणि दिवसा तर ती जवळपास दिसतच नाही.

साचे आणि ड्रिल

लहान मुलांसाठी बिस्किटे कापायचा धातूचा साचा आणि रबरी हातोडी ही जोडी चांगली. साचा सालीवर धरून ठोकला की तारा किंवा चंद्र उमटतो, आणि पाते कुणाच्याच हाती राहत नाही. प्लॅस्टिकचे साचे मात्र ठोकताच चिरतात. घरात ड्रिल असेल तर वेगवेगळ्या मापांची भोके पाडून ठिपक्यांची नक्षी करता येते. तिला वळण, कोपरा असे काही नसतेच, त्यामुळे चूक व्हायला जागा कमी. ओल्या फळाशी काम असल्याने ड्रिल बॅटरीवर चालणारे बरे. याच कामासाठी ते नव्याने विकत घेणे मात्र स्वस्ताईच्या व्याख्येत बसत नाही.

दिवा आणि टिकाऊपणा

कापलेली कड म्हणजे उघडी जखम. तिच्यातून पाणी उडून जाते आणि बुरशी आत शिरते. थंड हवेतही कोरलेला भोपळा आठवडाभरात मान टाकतो, उबदार हवेत त्याहून लवकर. कडांना पेट्रोलियम जेली लावल्याने सुकणे लांबते. मेणबत्ती आतून गर शिजवते आणि ऱ्हासाला हातभार लावते. बॅटरीचा एलईडी दिवा उष्णता जवळपास देत नाही आणि आगीची भीतीही नाही. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियातील मराठी घरांत हेच दिवे दिवाळीतही कामी येतात. २०२४ साली तर नरक चतुर्दशी ३१ ऑक्टोबरलाच आली होती.

निघालेला गर

बिया धुऊन, वाळवून, मीठ लावून भाजल्या की उत्तम लागतात. गराबाबत मात्र आशा ठेवू नये. कोरण्याच्या वाणांचा गर पाणचट, धागेदार आणि फिका असतो; घारग्यांसाठी तो किसला तर पीठ पीत राहतो आणि गोडी येत नाही. घारगे किंवा भरीत हवे असेल तर ‘पाय’ (pie) या पदार्थासाठी विकला जाणारा छोटा गोड भोपळा वेगळा घ्यावा. रात्रभर दिवा लावून बाहेर ठेवलेला भोपळा कोणत्याच कारणाने खाऊ नये.

खरेदीची वेळ आणि निगा

‘डॉलर ट्री’सारख्या दुकानांत वर्षानुवर्षे एका डॉलरला मिळणाऱ्या वस्तू २०२१ च्या अखेरीस सव्वा डॉलरच्या झाल्या, तरी छोट्या करवतींसाठी ती जागा अजूनही परवडणारी आहे. भक्कम जुने डाव आणि धातूचे साचे वापरलेल्या वस्तूंच्या दुकानांत मिळतात. हंगामी माल १ नोव्हेंबरपासून सवलतीत निघतो. पुढच्या वर्षीच्या करवती तेव्हाच घेऊन ठेवणारे थोडे नाहीत. स्वस्त पोलाद लगेच गंजते. भोपळ्याचा रस सुकण्याआधी पाती धुऊन, पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवली तर तीच करवत दोन-तीन हंगाम चालते. लिनोची टोके बारीक दगडावर परजता येतात. करवतीचे दाते नाही.